पहिलं ताट

डिसेंबरातल्या सकाळी आमच्या गल्लीत दोन वास एकमेकांना भेटतात. एक माझ्या स्वयंपाकघरातून निघतो : तुपावर भाजलेल्या खोबऱ्याचा, वेलदोड्याचा, कढईत हलकेच फुगत जाणाऱ्या करंज्यांचा. दुसरा पलीकडच्या अंगणातून येतो : गोणपाटावर पसरलेल्या जवळ्याचा आणि दोरीवर ओळीनं टांगलेल्या बोंबलांचा, खारा, उग्र, कुणाची परवानगी न विचारता घरात शिरणारा. दोघांची गाठ आमच्या सामाईक भिंतीवर पडते आणि मग कुठला कुणाचा हे सांगणं अवघड होऊन बसतं. मागे कुठेतरी यंत्रमागांची खडखड अखंड चाललेली असते, पण ती आम्हां भिवंडीकरांना ऐकू येत नाही. शुक्रवारी माग बंद राहिले की मात्र आपण काहीतरी विसरलोय असं दिवसभर वाटत राहतं. नाताळाचा सुगंध कसा असतो, असं मला कुणी विचारलं, तर मी प्रामाणिकपणे सांगेन, वेलदोडा आणि बोंबील.

हसलात ना? हसा खुशाल. माझी आई असती तर तीही हसली असती.

मी मूळची नगरकडची. मिशनच्या आवारातल्या ओळीच्या घरांत माझं बालपण गेलं. आई तिथल्याच दवाखान्यात परिचारिका होती, आणि दिवसभर लोकांच्या जखमा धुऊनही संध्याकाळी गात गात घरी येण्याची विलक्षण शक्ती तिच्या अंगी होती. नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी ती पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरायची आणि तिच्यावर फराळाच्या ताटल्या मांडायची. करंज्या, शेव, रव्याचे लाडू, शंकरपाळी. प्रत्येक ताटलीवर तिनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. त्या रुमालाखाली काय आहे हे आवारातल्या प्रत्येक घराला ठाऊक असे, तरी तो उचलताना प्रत्येकाचा चेहरा उजळायचा! झाकलेल्या गोष्टीत अशी कोणती जादू असते, कोण जाणे.

ताटल्या वाटायला आम्ही मुलं जात असू, पण कोणती ताटली आधी जाणार हे आई ठरवायची, आणि तिथं तिचा एक विलक्षण कायदा होता. वर्षभरात ज्या घराशी मन आंबलं असेल, त्या घरी पहिलं ताट. ज्यांच्याशी उत्तम सख्य, त्यांची पाळी मागाहून. मी पाचवीत असताना नळावरच्या पाण्यावरून शेजारच्या मावशींशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघी तीन महिने एकमेकींकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्या वर्षी पहिली ताटली घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. मावशींनी न बोलता ताटली घेतली, न बोलता दार लावलं. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्या आईजवळ आल्या आणि म्हणाल्या, "शेवेत ओवा जास्त झालाय हो यंदा." आई घरी येईपर्यंत आनंदानं गुणगुणत होती. "बोलली ना?" ती मला म्हणाली. "ओव्यावरून का होईना, बोलली ना?"

आणि शेवटचं ताट? ते मुळी ताट नसायचंच. सगळ्या ताटल्या गेल्यावर परातीत जे उरे ते : फुटलेल्या करंज्या, सांडलेलं सारण, भुगा झालेले लाडू, शेवेचा चुरा. त्याच्यावर रुमाल नसे आणि ते कुठे जातही नसे. स्वयंपाकघरात जमिनीवर परातीभोवती बसून आम्ही घरची माणसं ते खात असू, बोटं चाटत. मला विचाराल तर साऱ्या नाताळातलं सर्वांत रुचकर तेच.

पुढे मोठी झाल्यावर मी आईच्या त्या कायद्याचा खूप विचार केला. साऱ्या जगासाठी प्रार्थना करणं किती सोपं! दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी, युद्धात होरपळणाऱ्यांसाठी डोळे मिटून हात जोडताना मन कसं भरून येतं. त्यातला एकही माणूस सकाळी सहाला आपल्या खिडकीखाली पाण्याची मोटर लावत नाही. प्रभूनं मात्र प्रेम करायला सांगितलं ते शेजाऱ्यावर. किती चतुर आज्ञा! मित्र आपण निवडतो, जोडीदार निवडतो, चर्चमधलं बाकसुद्धा निवडतो. शेजारी तेवढा आपल्याला आयता मिळतो, त्याच्या कोंबड्यासकट. आपल्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची झाली तर त्याहून सोयीची जागा देवाला कुठे सापडणार होती?

माझ्या परीक्षेची जागा भिवंडीत निघाली. लग्नानंतर काही वर्षांनी इथल्या मराठी शाळेत मला नोकरी लागली आणि आम्ही दोघांनी शहराच्या कडेला एक लहानसं बैठं घर घेतलं. तो मूळचा आगरी लोकांचा गाव. भातशेतीवर गोदामं उभी राहिली, गोदामांच्या मागे माग आले, आणि गाव शहराच्या पोटात गेला तरी आपली कौलं, आपली बोली आणि आपला सुकट-बोंबील राखून राहिला. आमच्या भिंतीला भिंत लागून चांगुणाकाकींचं घर. घर कसलं, चांगला दुमजली बंगला. त्यांच्या शेतात आता गोदामं होती, मुलाचे ट्रक होते, गळ्यात बोटभर जाडीचं सोनं होतं. तरी बाजारातली सुकी मासळी त्यांना चालत नसे. आजूबाजूच्या इमारतींनी ऊन अडवलेलं. सकाळचं कोवळं ऊन नेमकं आमच्या सामाईक भिंतीवरच यायचं. त्या भिंतीवर गोणपाट अंथरून काकी जवळा वाळवत, आणि तिच्या वर दोरी बांधून बोंबील. भिंतीच्या अलीकडे माझी कपड्यांची दोरी.

पहिल्याच डिसेंबरात मी रविवारची पांढरी साडी नेसून उपासनेला गेले आणि माझ्या बाकावरच्या बाई हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. घरी येऊन मी पदराचा वास घेतला आणि तशीच भिंतीपाशी गेले.

"काकी, अहो, तुमच्या माशांचा वास माझ्या कपड्यांना लागतो."

काकींनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मी त्यांच्या कुळाबद्दल काही बोलले. "वास? अगो बाय, ह्यो वास न्हाय, जेवान हाय. तुना वास येतो, तर तुझी कापडं तिकडं टाक. ऊन काय तुझ्या बापाचं हाय?"

मी शिक्षिका! वर्गातल्या साठ पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी. मीही काही कमी बोलले नाही. त्या सकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जे संभाषण झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचे हे दारात उभे राहून वर्तमानपत्रामागे हसत होते, एवढं सांगते.

पंधरा दिवसांनी नाताळ आला. मी पलंगावर चादर अंथरली, ताटल्या मांडल्या, आणि आईचा कायदा आठवून मोठा उसासा टाकला. पहिली ताटली घेऊन निघाले. काकी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी रुमाल उचलला, करंजी हातात घेऊन तिची मुरड न्याहाळली, मग विचारलं, "सगल्यांना वाटलंस?"

"नाही काकी. पहिलं ताट तुमचंच."

"पयलं मना?" त्यांचा सगळा चेहरा बदलला. त्यांनी पदर सावरला, उठून उभ्या राहिल्या, ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि देवापुढे नेऊन ठेवली. संध्याकाळी ताटली परत आली ती बोंबलांनी भरलेली. रिकामं ताट परत करायचं नाही, ही रीत त्यांच्याकडेही होती आणि आमच्याकडेही. आम्ही दोघांनी खिडक्या उघड्या टाकून ते बोंबील भाजले, आणि काय सांगू तुम्हांला, असं काही त्याआधी आम्ही खाल्लंच नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी पहिलं ताट चांगुणाकाकींना जाऊ लागलं, कारण दरवर्षी भांडणाला काही ना काही विषय मिळतच असे. एका वर्षी त्यांचा कोंबडा. एका वर्षी घरातल्या हळदीला तीन दिवस लावलेला भोंगा. एका वर्षी त्यांच्या मुलानं माझ्या फाटकापुढे उभा केलेला ट्रक. मला तर आता असं वाटतं की, नोव्हेंबर संपत आला की, मीच जरा शोधाशोध करत असेन! आणि ताटली घेऊन निघताना छाती अशी काही पुढे निघायची! आपण ख्रिस्ताची शिकवण कशी अगदी अवघड जागी पाळतो, याचा मला मनोमन मोठा अभिमान होता. नम्रतेचा अभिमान बाळगणं ही आम्हां धार्मिक माणसांची जुनी खोड आहे.

मग एका पावसाळ्यात आमचे हे गेले. अचानक, दोन दिवसांच्या तापानं. माणसं आली, गीतं झाली, पाळकांनी प्रार्थना केली, माणसं गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी चांगुणाकाकी मागच्या दारानं आत आल्या. हातात तांदळाची भाकरी आणि वाटीभर सुकटीचं कालवण. सांत्वनाचा एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. "खा," एवढंच म्हणाल्या, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. असं त्यांनी महिनाभर केलं. कुठल्या दिवशी आपलं भांडण संपलं आणि कुठल्या दिवशी ही बाई आपलं माणूस झाली, याची तारीख मला सांगता येणार नाही. त्या डिसेंबरात मी पहिलं ताट त्यांनाच दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मनात आंबलेलं काहीच उरलं नव्हतं, आणि कायदा मोडतोय हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. परातीतलं शेवटचं तेवढं मी आता एकटीच खात असे.

एवढं सगळं मी तुम्हांला का सांगतेय? कारण यंदा माझ्या जिभेनं घात केला.

ऑक्टोबरअखेर मी निवृत्त झाले. शाळेनं निरोपसमारंभ ठेवला. घरचं माणूस म्हणून मी काकींनाच बोलावलं होतं. त्या नवं लुगडं नेसून, सगळं सोनं घालून, पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. येताना एवढा मोठा हार आणला होता की, तो घातल्यावर मला माइक दिसेना. मी बोलायला उभी राहिले. तुम्ही कधी चांगलं भाषण केलंय? मग तुम्हांला ती नशा ठाऊक असेल. शब्द आपोआप येऊ लागतात, सभागृह शांत होतं, आणि आपलाच आवाज आपल्याला आवडू लागतो. मी शेजारधर्माबद्दल बोलले. आईबद्दल बोलले. आणि त्या भरात सांगून टाकलं, "माझ्या आईनं मला शिकवलं, की सणाचं पहिलं ताट ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्या घरी न्यायचं. मी आयुष्यभर हा नियम पाळत आले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हसत हसत पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. काकींचे हात मांडीवर होते.

त्या क्षणी मला कळलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग मला चांगला ओळखता येतो. वर्गात एखाद्या पोरीनं मोठ्या हौसेनं वर केलेला हात तिचं चुकलंय हे कळताच हळूच खाली येतो, तसं काहीतरी तिथं झालं होतं. चहापाण्याला त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली. काकी आल्या. "बोला बाई," म्हणाल्या. "तुमी कशा आल्या?"

तुमी! इतक्या वर्षांत त्या बाईनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. भांडताना तू, जेवू घालताना तू, माझ्या दुःखात तू. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी मला बैठकीच्या सोफ्यावर बसवलं आणि चहा आणवला तो कपबशीत, शेजारी बिस्किटांची बशी. एरवी मी त्यांच्या चुलीपाशी पाटावर बसून स्टीलच्या पेल्यातला चहा प्यायची! मी सांगू लागले, "काकी, ते भाषणातलं, ते खूप जुनं, म्हणजे आता तसं काही..." आणि मी, भाषा शिकवून पोट भरलेली बाई, पुढचं वाक्य सापडेना म्हणून तोंडात बिस्कीट घालून बसले. "बरं हाय, बरं हाय," काकी म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. तुमचं बरोबरच असंल."

त्या आठवड्यापासून भिंत रिकामी झाली. जवळा नाही, बोंबील नाही, दोरीसुद्धा सोडून नेलेली. काकी आता मासळी गच्चीत वाळवत होत्या. गुडघे दुखत असताना दोन जिने चढून. माझे कपडे साबणाच्या वासाचे, स्वच्छ, निर्मळ वाळू लागले. एवढी वर्षं ज्यासाठी भांडले ते सगळं मला मिळालं, आणि सकाळी दार उघडलं की त्या मोकळ्या भिंतीकडे पाहून मला रडू येई.

काकींची सून रेश्मा मला एकदा भाजीच्या गाडीपाशी भेटली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, एक सांगू का? रागावू नका. आमच्या आई दरवर्षी ते ताट घेऊन पूर्ण गल्लीत फिरायच्या. प्रत्येकीला सांगायच्या, बाई पयलं ताट मनाच देते, सगल्यांच्या आधी. तिच्या देवाचा सण, पण मान माझा. ह्या वर्षी तुमच्या भाषणाचं गल्लीत कळल्यापासून शेजारणी विचारतायत, काय काकी, पयलं ताट म्हणजे भांडणाचं ना?" तिनं भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "घरात काही बोलत नाहीत. पण जेवण कमी झालंय त्यांचं."

मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

आता माझी अडचण पाहा. पहिलं ताट काकींना द्यावं, तर त्याचा अर्थ साऱ्या गल्लीला ठाऊक झालेला : मी अजून त्यांच्यावर रुसलेली आहे. न द्यावं, तर इतक्या वर्षांचा मान चारचौघांत काढून घेतल्यासारखं होईल. दुसरं द्यावं? तिसरं? क्रमांक लावून प्रेम देता येतं का कुणाला? आईचा एवढा सुंदर कायदा, आणि त्यात मी अशी काही अडकले की, पुढेही जाता येईना आणि मागेही. रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाला हे सगळं सविस्तर सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच एक गोष्ट उमगली ती फारशी सुखाची नव्हती.

वाटेत घायाळ पडलेल्या त्या माणसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. धर्मकर्म करणारे पाहून पलीकडून निघून गेले आणि परक्या जातीच्या वाटसरूनं त्याला उचललं, जखमा बांधल्या. लहानपणापासून मी ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली आहे, वर्गात सांगितली आहे, आणि दर वेळी मनातल्या मनात मी तो वाटसरू झाले आहे. रुमालानं झाकलेली ताटली घेऊन निघालेली, दयाळू. धुळीत पडलेला माणूस मी कधीच झाले नाही! पण माझे हे गेले त्या महिन्यात वाटेवर कोण पडलं होतं? कुणी थांबून खाऊ घातलं? शेजारधर्म मी पाळतेय अशा थाटात मी वावरत होते, आणि तो खरा पाळला होता चांगुणाकाकींनी, एकही भाषण न करता. हे मी त्या माइकवरून सांगायला हवं होतं. ते सोडून बाकी सगळं सांगितलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर उठले. कणीक मळलेली, सारण तयार, कढई तापलेली; हात सवयीनं करंज्यांना मुरड घालत होते आणि मन रिकाम्या भिंतीवर. लक्ष नसल्यानं चारपाच करंज्या तेलातच उकलल्या. पलंगावर चादर अंथरली, ताटल्या भरल्या, रुमाल झाकले. सात ताटल्या. त्यांतली एकही उचलायचा मला धीर होईना.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

दारात चांगुणाकाकी. नाकात नथ, डोक्यावर पदर, हातात ताट. त्याच्यावर रुमाल झाकलेला, क्रोशाचा नव्हे, मुलाच्या खिशातला चौकटीचा. त्यांनी ते ताट माझ्यापुढे धरलं.

"धर," म्हणाल्या. "पयलं ताट."

मी रुमाल उचलला. तांदळाच्या भाकऱ्या, वाटीत सुकटीचं कालवण, आणि कडेला पाच करंज्या. वाकड्यातिकड्या, मुरड कुठे घातलेली, कुठे नुसती दाबलेली. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या बोटांनी केलेल्या.

"काकी, आज सण माझा..."

"मना ठावं हाय सण तुझा हाय ते. पन कायदा तुझ्या आयशीचा हाय ना? ज्याच्यावर रुसलो त्याला पयलं द्याचं. मी रुसलेली हाय तुझ्यावर. लय रुसलेली हाय. मंग पयलं ताट तुनाच नको का?" त्यांनी नथ सारखी केली. "मी इचार केला, दोन म्हयने केला. माशे कुटं पन वाळतात. पन वरती गच्चीत वाळवताना भांडाया कोन नसतं."

मी ताट दोन्ही हातांनी घेतलं. इतकी वर्षं ते देण्याची सवय. घेताना हात कसे धरायचे हेच मला सुचेना. मग सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं, कसल्याही अलंकाराशिवाय. "काकी, चुकलं माझं. आधीची वर्षं मी रागानंच देत होते, खोटं कशाला बोलू? पण हे गेल्यापासून राग कसला उरलाय? तुम्हीच तर आहात मला. मी सवयीनं देत राहिले आणि भाषणात शहाणपणा करायला गेले."

"ते मना कलत व्हतं," काकी म्हणाल्या. "पन गल्लीला कलत नव्हतं." आणि आत डोकावून पलंगाकडे बघत त्यांनी विचारलं, "मंग आता माझं ताट कनचं?"

पाहिलंत? जो प्रश्न मला दोन महिने छळत होता तो त्यांनी सरळ माझ्यापुढे टाकला. मी सात रुमालांकडे पाहिलं. मग माझी नजर कढईशेजारच्या परातीवर गेली. उकललेल्या करंज्या, काळवंडलेलं सारण, शेवेचा चुरा.

"तुमचं शेवटचं," मी म्हणाले.

काकींच्या भुवया वर गेल्या. "शेवटचं?"

"शेवटचं कुठे जात नाही काकी. ते घरच्यांचं असतं. परातीतलं, जमिनीवर बसून खायचं. माझ्या आईच्या घरात परक्या माणसाला ते कधी मिळालं नाही, आणि मला ते एकटीनं गोड लागत नाही."

काकींनी परातीकडे पाहिलं. मग दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून, चोळीवरची ती बोटभर जाडीची माळ मागे सारून त्या माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. एक फुटकी करंजी उचलून तोंडात घातली, सावकाश चावली आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय."

बोलली ना! साखरेवरून का होईना, बोलली ना! मी पदर डोळ्यांना लावला आणि दोघी अशा हसत सुटलो की, रेश्मा भिंतीवरून डोकावून विचारू लागली, काय झालं म्हणून. तिलाही आत ओढली. सात ताटल्या पलंगावर वाट पाहत राहिल्या, आणि यंदा सगळ्यांना फराळ उशिरा मिळाला. शेवटचं ताट सगळ्यांत आधी संपलं होतं. आईच्या कायद्यात ही सोय होती की नव्हती, मला ठाऊक नाही. काकी मात्र जाताना गल्लीत थांबून प्रत्येक दाराशी सांगत गेल्या, मोठ्यानं, मला घरात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं : "पयलं न्हाय गो! शेवटचं खाल्लं. घरच्यांचं असतं त्ये!"

दुपारी मी पांढरी साडी धुतली. ती वाळत घालायला मागे आले, तर भिंतीवर गोणपाट अंथरलेलं, त्यावर जवळा पसरलेला, आणि वर दोरी पुन्हा बांधलेली. ओळीनं बोंबील. माझी कपड्यांची दोरी अंगणाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. तिथं ऊन कमी येतं, पण वासही येत नाही. मी साडी झटकली आणि भिंतीपाशीच वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी नाताळाच्या उपासनेत माझ्या शेजारी एक नव्या बाई येऊन बसल्या. पहिल्या गीताला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसऱ्याला नाकाला रुमाल लावला. मी पदर जरा जवळ ओढून घेतला आणि तिसरं गीत मोठ्यानं म्हटलं.